हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेलं संगीत: ऐकणारा शांत होण्याऐवजी अस्वस्थ का होतो?

मध्यलय२१ (प्रश्न):

नमस्कार मंडळी. ऐकणाऱ्याच्या नाडीवर चालणारं संगीत तयार करण्याची जुळणी करतो आहे. उद्देश साधा आहे: ताण उतरावा, झोपेआधी मन स्थिरावं. सध्याची मांडणी अशी:

बोटाला मॅक्स ३०१०२ हा प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर, तो ईएसपी ३२ या छोट्या संगणक-बोर्डाला जोडलेला. नाडीचा प्रत्येक ठोका सापडला की लगेच एक खर्जातला 'धम्' आवाज वाजतो. मागे तानपुरा सतत चालू. आवाज ब्लूटूथ हेडफोनवर. सत्र २० मिनिटांचं, ऐकणारा पाठीवर झोपलेला, नाडी साधारण ७२.

अडचणी चार. आवाज ठोक्यावर पडत नाही, आतला ठोका आधी आणि कानातला नंतर असं जाणवतं. लय डगमगते, कधी घाईत तर कधी रेंगाळत. मधूनच एका ठोक्याला दोन आवाज येतात. आणि मुख्य म्हणजे २० मिनिटांनंतरही नाडी फारशी उतरत नाही, उलट काही ऐकणारे बेचैन होतात.

संगीताने नाडीच्या मागे जायचं की नाडीला मागे ओढायचं? लय किती उतरवावी? आणि हे कोणासाठी करूच नये?

तारयंत्र:

पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीचं उत्तर तुमच्या मांडणीतच आहे. विलंबाचा हिशेब मांडून बघा. हृदयात विद्युत ठोका उमटल्यापासून नाडीची लाट बोटापर्यंत पोहोचायला साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. सेन्सर आणि फिल्टर यांचे ३० ते १०० धरा. ब्लूटूथ हेडफोन आणखी १५० ते २५० घालतो. बेरीज अर्ध्या सेकंदाच्या घरात जाते. नाडी ७२ असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर ८३३ मिलिसेकंद, म्हणजे तुमचा 'धम्' दोन ठोक्यांच्या जवळपास मधे पडतो आहे. झोपलेल्या माणसाला छातीतला ठोका जाणवत असतो, त्यामुळे ही विसंगती बोचते.

पहिलं काम: हेडफोन वायरचा घ्या. एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटेल.

दुसरं: ठोका सापडला की आवाज वाजवायचा, ही पद्धतच सोडा. अशाने आवाज कायम उशिराच येणार. पुढचा ठोका कधी येईल याचा अंदाज बांधा आणि त्या वेळेला मात्रा वाजवा. फेज-लॉक्ड लूप (दर ठोक्याला चूक मोजून पुढची वेळ थोडी सुधारणारी गणना) हेच करतो. प्रत्यक्ष ठोक्याची वेळ वजा अपेक्षित वेळ, हा झाला फरक. पुढची अपेक्षित वेळ = आत्ताची अपेक्षित वेळ + अंतर + फरकाचा ०.१ भाग. अंतरात दर ठोक्याला फरकाचा फक्त ०.००३ भाग मिळवा. हा दुसरा आकडा वाढवण्याचा मोह होतो, कारण लय लवकर पकडली जाते. पण ०.०२ केला तर लूप पुरेसा दमित राहत नाही आणि लय स्वतःच ४०-४५ ठोक्यांच्या हेलकाव्यात सापडते. नाडी स्थिर असूनही संगीत पुढे-मागे होतं. फरक अंतराच्या ३० टक्क्यांहून जास्त आला तर तो ठोका सोडून द्या. सलग तीन सोडावे लागले तर शेवटच्या आठ अंतरांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेऊन नव्याने सुरुवात करा. सरासरी घेऊ नका, एक चुकलेला ठोका सरासरी पार बिघडवतो.

बोटाच्या विलंबासाठी अपेक्षित वेळेतून २५० मिलिसेकंद वजा करा आणि मग कानाने २०-२० मिलिसेकंदांनी सरकवत जुळवा.

एका ठोक्याला दोन आवाज का? बोटाच्या नाडीच्या लाटेला मुख्य शिखरानंतर एक दुसरा, छोटा उंचवटा असतो, साधारण ३०० मिलिसेकंदांनी. ईसीजीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंद दुसरा ठोका मानायचा नाही असा नियम असतो. तोच कोड बोटाच्या सेन्सरला लावला की हा उंचवटा ठोका म्हणून मोजला जातो. ही मुदत मागच्या अंतराच्या ५५ ते ६० टक्के ठेवा.

सेन्सरची मांडणीही तपासा. सेकंदाला १०० नमुने (मोजण्या) ठेवलेत आणि चार-चारची सरासरी चालू असेल, तर हातात सेकंदाला २५ च नमुने पडतात. म्हणजे ठोक्याची वेळ ४० मिलिसेकंदांच्या पायरीवर कळते. सरासरी बंद करा. एलईडीचा प्रवाह ६ मिलिअँपिअरच्या आसपास पुरतो. बोट दाबून धरू नका, दाबाने लाट चपटी होते. मऊ पट्टीने सैलसर बांधा आणि वरून काळं कापड टाका. बोट गार असेल तर सिग्नल येणारच नाही, आधी हात ऊबदार करा.

जमलं तर नाडी मोजणारा छातीचा पट्टा वापरा. तिथे एक नेहमीची चूक होते: ब्लूटूथवरून येणारं आरआर अंतर (दोन ठोक्यांमधला वेळ) मिलिसेकंदात नसतं, सेकंदाच्या १/१०२४ भागात असतं. ८५३ हा आकडा आला तर तो ८३३ मिलिसेकंद. थेट वापरलात तर लय २.४ टक्के चुकेल आणि मात्रा हळूहळू ठोक्यावरून घसरत जाईल. शिवाय पट्ट्याचा निरोप साधारण सेकंदाला एकदा येतो आणि त्यात कधी एक, कधी दोन, तर कधी एकही अंतर नसतं. म्हणून तो निरोप आल्याची वेळ ही ठोक्याची वेळ समजू नका. त्यातून फक्त अंतरं घ्या.

नाडीश्वास:

तारयंत्र यांनी सांगितलेलं सगळं करा, पण लय डगमगते हा बिघाड नाही. निरोगी हृदय असंच चालतं.

श्वास आत घेताना नाडी वाढते, सोडताना उतरते. शांत पडलेल्या तरुण माणसात सावकाश श्वासाबरोबर हा फरक मिनिटाला १०-१५ ठोक्यांचाही असतो. प्रत्येक ठोक्यावर आवाज वाजवलात की एका श्वासात संगीताची लय ६६ वरून ७८ वर जाऊन परत येते. कानाला हे बेताल वाटतं. म्हणून लय ठरवायची ती निदान ३० सेकंदांच्या सरासरीवरून. वरचा संथ लूप तेच करतो. ठोका मात्रेच्या थोडा पुढे-मागे झुलेल, झुलू द्या. नाडीतला श्वासाचा चढ-उतार संगीतात दाखवायचाच असेल तर तो तानपुऱ्याच्या आवाजाच्या चढ-उतारात दाखवा, लयीत नको.

आता नाडी का उतरत नाही. ठोका हृदयातल्या सायनस गाठीत तयार होतो आणि ती गाठ कानावर पडणाऱ्या ठेक्याला बांधली जात नाही. पाय ठेक्यावर पडतो, हृदय पडत नाही. हृदयाकडे जाणारा खरा रस्ता श्वासातून जातो. रक्तदाब सावरणारी जी यंत्रणा शरीरात आहे तिची स्वतःची लाट साधारण १० सेकंदांची असते. श्वासही मिनिटाला ६ च्या आसपास आणला, म्हणजे एक श्वास १० सेकंदांचा झाला, की दोन्ही लाटा एकमेकींवर बसतात आणि नाडीतला चढ-उतार सर्वांत मोठा होतो. इटालियन वैद्यकीय संशोधक लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की लॅटिनमधली जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र, दोन्हींच्या पठणात श्वास आपोआप मिनिटाला सुमारे ६ वर येतो. पठणाची लांबीच तेवढी आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: लय हृदयाकडून घ्या आणि आवर्तन श्वासाला द्या.

नाडीला ६ ने भागा. येईल तितक्या मात्रांचा ताल घ्या, त्याचं एक आवर्तन १० सेकंदांचं होतं. नाडी ६० असेल तर झपताल, १० मात्रा. ७२ ला एकताल, १२ मात्रा. ८४ ला दीपचंदी, १४. ९६ ला तीनताल, १६. यात सोय अशी की या चारही तालांत 'खाली' (टाळी न देण्याची मात्रा) बरोबर निम्म्यावर येते: झपतालात सहावी मात्रा, एकतालात सातवी, दीपचंदीत आठवी, तीनतालात नववी. (एकतालात तिसऱ्या मात्रेवरही खाली आहे, ती इथे सोडून द्या.) समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) श्वास घ्यायला सुरुवात, खालीला सोडायला. ज्याला सोडणं लांबवायला आवडतं त्याने झपतालात ४ मात्रा घ्यावा, ६ मात्रा सोडावा.

मात्र ठेका वाजवू नका, त्याचा सांगाडा तेवढा वापरा. एकतालातला 'तिरकिट' आला की लक्ष तिकडे धावतं. समेला खर्जाचा षड्ज, खालीला मध्य सप्तकातला पंचम अगदी हलका, मधल्या मात्रा जेमतेम ऐकू येतील अशा. तबल्याच्या चाटेची धार इथे नको.

मध्यलय२१:

हे फार उपयोगी आहे. पण सामान्य माणूस मिनिटाला १४-१५ श्वास घेतो. त्याला एकदम एकतालात १० सेकंदांचा श्वास कसा जमेल? आणि लय उतरवायची की नाही?

नाडीश्वास:

एकदम नाही जमत, दम लागतो. लय तीच ठेवा, ताल बदला. नाडी ७२ धरून:

पहिली ३ मिनिटं दादरा. ६ मात्रा, ५ सेकंद, मिनिटाला १२ श्वास.
पुढची ३ मिनिटं केरवा. ८ मात्रा, ६.७ सेकंद, मिनिटाला ९.
मग ३ मिनिटं झपताल. ८.३ सेकंद, मिनिटाला ७ च्या आसपास.
मग ८ मिनिटं एकताल, मिनिटाला ६.
शेवटची ३ मिनिटं पूर्ण शांतता, तानपुराही बंद.

ही शांतता गाळू नका. बेर्नार्दी यांच्याच २००६ च्या प्रयोगात संगीताच्या मधे २ मिनिटांचा विराम ठेवला होता. त्या विरामात नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. संगीत चालू असताना मात्र लय जितकी जलद तितकी नाडी, रक्तदाब आणि श्वसन वाढलेलं दिसलं.

ताल बदलायचा तो समेवरच. मधेच बदलला तर ऐकणाऱ्याचा श्वास अर्ध्यात अडकतो आणि पुढची दोन-तीन आवर्तनं वाया जातात. झपतालातच कोणी घुसमटत असेल तर तिथेच थांबा, ७ श्वास हेही चांगलं काम करतात. प्रत्येकाचा सोयीचा आकडा ४.५ ते ७ च्या मधे कुठेतरी असतो, उंच माणसांत बहुधा कमी. शोधायचा असेल तर ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ या प्रत्येक गतीला २ मिनिटं द्या आणि नाडीचा चढ-उतार कुठे सर्वांत मोठा होतो ते पाहा.

डोकं हलकं झालं, ओठ-बोटं मुंग्यांनी भरली, तर श्वास सावकाश झालाय पण फार खोल झालाय, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आहे. 'दीर्घ श्वास घ्या' ही सूचना काढून टाका, 'हळू आणि हलका' म्हणा.

लय उतरवण्याबद्दल: आधी जुळवून घ्या, मग न्या. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात, १९४० च्या दशकापासून ते वापरात आहे. दादरा-केरव्याची ६ मिनिटं लय नाडीबरोबर. झपतालापासून लय सरासरी नाडीपेक्षा २ ते ३ टक्के कमी, म्हणजे ७२ ला ७० किंवा किंचित वर. हा बदलही एका आवर्तनात १ टक्क्याहून जास्त नको. नाडी मागे आली तरच आणखी खाली. एकूण ८ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका, कारण नाडी तिथे येणार नाही आणि ऐकणाऱ्याला संगीत ओढल्यासारखं वाटेल.

आणि तुमच्या बेचैन ऐकणाऱ्यांचं कारण बहुधा हे: नाडी वाढली की संगीत जलद होतं, संगीत जलद झालं की माणूस सावध होतो आणि नाडी आणखी वाढते. हे चक्र तोडायला एक कुलूप लावा. पहिल्या ३ मिनिटांनंतर लय फक्त खाली जाऊ शकेल, वर नाही.

तारयंत्र:

एक जोड देतो. लय उतरवताना रेकॉर्डिंगची गती कमी करू नका, स्वर बदलतो. ४ टक्क्यांनी ७१ सेंट, म्हणजे अर्धस्वराचा सुमारे ७१ टक्के भाग उतरतो आणि तानपुऱ्यावर हे लगेच कळतं. तानपुरा स्वतंत्र, स्थिर गतीने चालू द्या आणि फक्त मात्रा लयीला बांधा. सुरावटीचं रेकॉर्डिंगच वापरायचं असेल तर स्वर कायम ठेवून ताणणारा अल्गोरिदम घ्या. रबर बँड लायब्ररी हे चांगलं करते, पण १० टक्क्यांच्या पुढे आघात फुटल्यासारखे ऐकू येतात.

शांतस्वर:

आवाज कोणता आणि कोणासाठी, यावर लिहिते.

हृदयाचाच 'लब्-डब्' आवाज वापरणार असाल तर पूर्ण नमुना ताणू-आवळू नका. 'लब्' आणि 'डब्' यांच्यातलं अंतर विश्रांतीत साधारण ३०० मिलिसेकंद असतं आणि नाडी बदलली तरी ते थोडंच बदलतं. बदलतो तो 'डब्' नंतरचा विसावा. ठोका सावकाश करताना तो विसावा लांबवा. दोन्ही आवाजांमधलं अंतर लांबवलंत तर कान ताबडतोब ओळखतो की काहीतरी बिनसलंय.

मला विचाराल तर हृदयाचा आवाज टाळाच. ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांचं लक्ष आधीच छातीकडे लागलेलं असतं, त्यात कानात ठोका वाजवला की प्रत्येक बारीक फरक धोक्याचा वाटतो. त्यांच्यासाठी नाडी फक्त यंत्राला कळू द्या. ऐकू यावा तो खर्जाचा स्वर, ३० ते ५० मिलिसेकंदांत हळूच उठणारा, कडक आघात नसलेला. पडद्यावर नाडीचा आकडाही दाखवू नका. पातळी शांत बोलण्याएवढी किंवा त्याहून कमी. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ६०-८० हर्ट्झ ऐकूच येत नाही, म्हणून लोक आवाज वाढवतात आणि वरचे स्वर टोचायला लागतात. स्वरच वरच्या पट्टीत आणा, आवाज वाढवू नका.

खोटी नाडी ऐकवून माणसाला शांत करण्याची कल्पना पुढेमागे सुचेलच. मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी १९६६ सालीच दाखवलं होतं की स्वतःच्या म्हणून ऐकवलेल्या खोट्या ठोक्यांवरून माणसं आपल्या भावनेचा अंदाज बांधतात. परिणाम होतो, हे खरं. पण उपचारात फसवणूक नको. 'ही लय तुमच्या नाडीपेक्षा थोडी सावकाश आहे' असं आधी सांगा.

कोणासाठी नको: हृदयाची लय अनियमित असलेल्यांत, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, अंतराला क्रमच नसतो. लूप ठोके सोडत राहील आणि मध्यकही अर्थहीन ठरेल. पेसमेकर ठरावीक गतीने चालवत असेल तर नाडी उतरणं हा निकषच लागू होत नाही. बीटा-ब्लॉकर (नाडी उतरवणारं औषध) चालू असेल तर नाडी आधीच उतरलेली असते, ५५ ला आणखी खाली नेण्याचा प्रयत्न करू नका. या तिघांना ठरावीक ६० ची लय आणि झपताल, सेन्सरशिवाय, डॉक्टरांना विचारून द्या. अधूनमधून एखादा जादा ठोका अनेकांना येतो, तो लूप गाळतो. पण सत्रात छातीत दुखलं, भोवळ आली, किंवा जादा ठोके सारखे दिसू लागले तर सत्र बंद आणि तपासणी आधी. औषध कमी करण्याचा निर्णय या संगीतावरून कोणीही घेऊ नये. सत्रानंतर एकदम उभं राहू देऊ नका, २ मिनिटं बसवा. आणि हे गाडी चालवताना ऐकायचं नाही, हे लिहूनच द्या.

मध्यलय२१:

परिणाम मोजायला आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांची अंतरं एकमेकांपासून किती बदलतात याचं माप) घेतो आहे. सत्र चालू असताना तो दुप्पट होतो. हे खरं मानायचं का?

नाडीश्वास:

सत्रातला आकडा निकष म्हणून धरू नका. श्वास सावकाश झाला की चढ-उतार वाढतो आणि आकडाही वाढतो, नेहमीचा श्वास सुरू होताच तो परत येतो. सत्राआधी ५ मिनिटं आणि नंतर ५ मिनिटं, नेहमीच्या श्वासात, त्याच स्थितीत पडून मोजा. रोज त्याच वेळेला.

चुकलेले ठोके आधी काढा. नाडी ६०, ५ मिनिटांचे ३०० ठोके, खरा आरएमएसएसडी ३० मिलिसेकंद असं धरा. एकच ठोका सेन्सरला सापडला नाही, म्हणजे एक अंतर १००० ऐवजी २००० झालं, तर आकडा ८७ च्या घरात जातो. मागच्या पाच अंतरांच्या मध्यकापासून २० टक्क्यांहून दूर असलेलं प्रत्येक अंतर डोळ्यांनी तपासा.

आणि तुलना कशाशी? २० मिनिटं नुसतं पडून राहिलं तरी नाडी उतरते. म्हणून त्याच माणसाची काही सत्रं संगीताशिवाय, हेडफोन लावून, शांततेत घ्या. काही सत्रं नाडीशी न जोडलेल्या ठरावीक ६० च्या लयीत झपताल लावून घ्या. तिसरी रांग तुमच्या जुळणीची. प्रत्येकी निदान ५ सत्रं, क्रम अदलून-बदलून. ठरावीक झपताल आणि नाडीला जोडलेला एकताल यांत फरक दिसला नाही, तर त्या माणसाला सेन्सरची गरज नाही, तो काढून टाका.

मध्यलय२१:

वायरचा हेडफोन लावला, लूपमध्ये ०.१ आणि ०.००३ घातले, दुसऱ्या ठोक्याची मुदत अंतराच्या ५५ टक्के केली. दुहेरी आवाज गेले, लय स्थिर आहे. आता दादऱ्यापासून ताल बसवतो आणि तिन्ही रांगांच्या नोंदी झाल्या की इथे आकडे टाकतो. नाडी ७८ असणाऱ्यांसाठी १३ मात्रांचा ताल हवा, तिथे काय करावं?

नाडीश्वास:

एकतालच ठेवा. ९.२ सेकंद, मिनिटाला ६.५ श्वास होतात, चालतं. नाडी ७२ कडे उतरू लागली की आवर्तन आपोआप १० सेकंदांवर येईल.